क्रेन घेण्याआधी कंटेनरचा मुक्काम मोजा

कंटेनर बंदराच्या नियोजनाची बैठक बहुतेक वेळा क्रेनपासून सुरू होते. किती क्रेन घ्यायच्या, कुणाकडून घ्यायच्या, बूम किती लांब हवा. हे समजण्यासारखं आहे. धक्क्यावरची क्रेन हे बंदरातलं सर्वांत महाग यंत्र. ते वीस-पंचवीस वर्षं उभं राहतं आणि निवड चुकली तर पुढच्या अधिकाऱ्यांना ती चूक निभवावी लागते. तरीही माझं सांगणं असं की पहिली बैठक क्रेनवर नको. कंटेनर आपल्या आवारात किती दिवस मुक्काम करतो, यावर ती घ्या. बंदराच्या खर्चाची सर्वांत मोठी किल्ली तिथे आहे आणि ती फिरवायला सिमेंट लागत नाही, पोलाद लागत नाही.

या कामात नव्याने आलेले इंजिनिअर, कोकणातल्या एखाद्या लहान बंदरात कंटेनर आणू पाहणारे उद्योजक, ड्राय पोर्ट किंवा सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनर फ्रेट स्टेशन) उभारणारी मंडळी यांना डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितो आहे. उदाहरणं शक्य तिथे न्हावा-शेवाची घेतली आहेत. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेलं हे बंदर आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. २०२४-२५ या वर्षात त्याने सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं एकक. चाळीस फुटी कंटेनर आला की दोन टीईयू धरायचे.

कंटेनरचा धंदा उभाच राहिला तो वेळ वाचवण्यावर. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन निघालं. त्यामागचा माणूस मॅल्कम मॅक्लीन, मूळचा ट्रकवाला. तेव्हा सुटा माल हमालांकरवी जहाजावर चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत. त्या जहाजावर हा खर्च १६ सेंटच्या आसपास आला. जहाजाचे धक्क्यावर पडून राहण्याचे दिवस वाचले आणि त्या वाचलेल्या दिवसांतून हे सगळं जग बदललं. म्हणून बंदरात जिथे जिथे कंटेनर, ट्रेलर किंवा जहाज नुसतं थांबून आहे, तिथे पैसा गळतो आहे असं समजून नियोजनाला बसायचं.

यार्डाचं गणित

एक उदाहरण पाटीवर मांडू. समजा, वर्षाला १० लाख टीईयू हाताळायचे आहेत आणि कंटेनर यार्डात सरासरी ४ दिवस राहतो. १० लाखांना ४ ने गुणून ३६५ ने भागा. कुठल्याही दिवशी यार्डात सुमारे १०,९६० टीईयू असतील. पण माल रोज सारखा येत नाही. दोन जहाजं पाठोपाठ लागली की यार्ड फुगतं, म्हणून ३० टक्के वाढवून १४,२५० धरा. आरटीजी, म्हणजे रबरी चाकांवरची यार्ड क्रेन, पाच थर रचू शकते. पण पाचही थर भरून ठेवले तर खालचा कंटेनर काढायला जागाच उरत नाही. व्यवहारात साडेतीन थर धरावेत. म्हणजे जमिनीवर सुमारे ४,०७० जागा लागतील.

आता फक्त एक आकडा बदला. मुक्काम चारऐवजी तीन दिवसांचा करा. तेवढ्याने जागा ३,०५० वर येतात. हजाराहून जास्त जागा वाचल्या. रस्ते आणि आरटीजीच्या मार्गिका धरून एका जागेला ३०-४० चौरस मीटर लागतात, म्हणजे साडेतीन हेक्टर, साडेआठ एकरांच्या आसपास जमीन वाचली. आपल्याकडे बंदराची जमीन बहुतेकदा खाडीत भराव टाकून केलेली असते. खाली मऊ सागरी चिखल, त्याच्यातलं पाणी उपसायला उभ्या निचरा-पट्ट्या, मग वर्ष-दोन वर्षं भरावाचा भार ठेवून जमीन बसू द्यायची, मग फरसबंदी. मुक्काम एका दिवसाने कमी केला की वाचलेल्या जमिनीवरचा हा सगळा खर्च टळतो.

आणि जमीन ही केवळ खर्चाची बाब नाही. नवी मुंबई आणि बंदराच्या परिसरातली जमीन कुणाची तरी शेती, कुणाचं तरी मिठागर, कुणाची तरी मासेमारीची खाडी होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी मोबदल्यासाठी आंदोलन केलं, त्यात गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण त्या रक्तातून आलं. ज्याला एक हेक्टर कमी घेऊन भागवता येतं त्याने एक हेक्टर कमीच घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

मुक्काम कमी करायचा कसा? पहिली गोष्ट, सरासरीवर विसंबू नका. आयात, निर्यात, रिकामे, रेल्वेने जाणारे आणि कस्टम्समध्ये अडकलेले, यांचे मुक्काम वेगवेगळे मोजा. बऱ्याच ठिकाणी असं दिसतं की आयातीचे बहुतेक कंटेनर दोन-अडीच दिवसांत निघतात, पण थोडे कंटेनर महिनोन्महिने पडून असतात आणि तेच सरासरी वाढवतात. असे अडकलेले कंटेनर यार्डाच्या मधल्या, मोलाच्या ब्लॉकमध्ये ठेवू नका. कोपऱ्यातल्या साध्या जमिनीवर हलवा. रिकाम्या कंटेनरांना तर धक्क्याजवळ जागाच देऊ नये. ते बाहेरच्या रिकाम्या डेपोत सात-आठ थर रचता येतात आणि त्यासाठीचं हलकं यंत्र बरंच स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट, थेट बंदरातून माल नेण्याची सोय. २०१६ पासून न्हावा-शेवात डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीवर भर दिला गेला. त्याआधी आयातीचा बहुतेक माल आधी आसपासच्या तीसेक सीएफएसपैकी एकात जाई, तिथे उतरे, पुन्हा चढे आणि मग कारखान्यात पोहोचे. विश्वासू आयातदाराचा कंटेनर थेट कारखान्याकडे गेला की दोन चढ-उतार वाचतात. पण यात एक धोका आहे. आयातदाराला बंदराचं यार्ड स्वस्त गोदाम वाटू लागलं तर मुक्काम घटण्याऐवजी वाढतो. मोफत दिवस मोजके ठेवा आणि त्यानंतरचं भाडं चढत्या भाजणीने लावा. दरपत्रक हेही नियोजनाचं साधन आहे, ते फक्त हिशेबखात्याकडे सोपवून मोकळं होऊ नये.

थर वाढवून जागा वाचवू, असं कुणी सुचवील. जरूर वाचवा, पण किंमत ओळखून. चार थरांच्या भरलेल्या रचनेतून कुठलाही एक कंटेनर काढायचा तर त्याच्यावर सरासरी दीड कंटेनर असतो. पाच थरांत दोन. तेवढी उचल फुकटची, तिचं बिल कुणालाच लावता येत नाही. निर्यातीचे कंटेनर जहाज आणि वजनानुसार रचता येतात, त्यामुळे तिथे उंच थर चालतात. आयातीत कुठला ट्रेलर आधी येईल ते कळत नाही, तिथे थर कमी ठेवा. ट्रेलरची वेळ आधी नोंदवून घेतली तर आयातीचाही क्रम लागतो आणि मग एक थर चढवता येतो.

धक्का किती भरलेला असावा

गुंतवणूक करणाऱ्यांना धक्का रिकामा दिसला की अस्वस्थ वाटतं. ८० टक्के वेळ तरी जहाज लागलेलं असावं, असा आग्रह मी अनेकदा ऐकला आहे. या आग्रहातून जहाजांची रांग तयार होते.

रांगेचं शास्त्र इथे फार उपयोगी पडतं. एकच धक्का असेल, जहाजं वेळापत्रकाशिवाय येत असतील आणि प्रत्येकाचं काम कमी-जास्त वेळ चालत असेल, तर धक्का ५० टक्के भरल्यावरच जहाजाला सरासरी एका कामाइतका वेळ थांबावं लागतं. काम दहा तासांचं असेल तर दहा तास वाट. ६० टक्क्यांवर ही वाट पंधरा तासांची होते, ८० टक्क्यांवर चाळीस तासांची. पण चार सलग धक्के असतील तर चित्र पालटतं. तिथे ६० टक्के भरलेले असताना वाट दोन तासांहूनही कमी, ७० टक्क्यांवर साडेतीन तास, ८० टक्क्यांवर साडेसात तास. नियमित जहाजसेवांच्या वेळा आधी ठरलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात वाट याहून कमी पडते. पण वळण हेच राहतं.

यातून दोन गोष्टी निघतात. लहान, एका धक्क्याच्या बंदराने मोठ्या बंदराचे टक्के उचलून आपल्या अहवालात लिहू नयेत. आणि शक्य असेल तिथे धक्का सलग, एका सरळ रेषेत बांधावा. तुकड्यातुकड्यांच्या तीन जेट्ट्यांपेक्षा तेवढ्याच लांबीची एक सरळ भिंत जास्त जहाजं घेते, कारण आज दोनशे मीटरचं जहाज आलं आणि उद्या साडेतीनशे मीटरचं, तरी जागा जुळवता येते. क्रेनही एका रुळावरून हव्या त्या जहाजाकडे सरकतात.

क्रेनची संख्या, आणि क्रेन कुणाची वाट पाहते

आता क्रेन. १० लाख टीईयूत वीस फुटी आणि चाळीस फुटी मिळून साधारण ६ लाख ६७ हजार कंटेनर भरतात, एका कंटेनरला दीड टीईयू धरून. क्रेन वर्षात ४,३८० तास, म्हणजे निम्मा वेळ, प्रत्यक्ष कामावर असेल असं माना. ताशी २५ उचल असेल तर एक क्रेन वर्षाला १,०९,५०० कंटेनर हलवते. तुम्हाला सहाहून जास्त, म्हणजे सात क्रेन लागतील. ताशी ३० उचल जमली तर एक क्रेन १,३१,४०० कंटेनर हलवते आणि पाचाच्या किंचित वर हिशेब बसतो. सहा क्रेनमध्ये तुम्ही सुखाने राहता. ताशी पाच उचल वाढवणं म्हणजे एक अख्खी क्रेन न घेणं.

त्या पाच उचल कुठून येतात? बहुतेक वेळा क्रेनमधून नाही. एका टर्मिनलात मी काही रात्री क्रेनच्या पायाशी वही घेऊन उभा राहिलो होतो. नवी क्रेन हवीच, असं तिथे सगळ्यांचं मत झालेलं. वहीत काही वेगळंच उतरलं. क्रेन उचलण्यात जितका वेळ घालवत होती, त्याहून जास्त वेळ खाली ट्रेलर नाही म्हणून कंटेनर हवेत धरून उभी होती. ट्रेलर कुठे होते? सगळे एका ब्लॉकसमोर रांगेत. उतरणारे सर्व कंटेनर एकाच ब्लॉकमध्ये ठेवायचे असं नियोजन होतं आणि तिथे एकच आरटीजी. माल तीन ब्लॉकमध्ये विभागून टाकला आणि क्रेनच्या खरेदीची फाइल त्या वर्षी मागे पडली. तेव्हापासून कुणी क्रेन मागितली की मी आधी विचारतो, सध्याची क्रेन कशाची वाट पाहते ते मोजलं का?

शिफ्ट बदलतानाही असाच वेळ जातो. तीन शिफ्टच्या बदलात प्रत्येकी अर्धा तास क्रेन थंड पडली तर दिवसाचे दीड तास गेले, सहा टक्क्यांहून जास्त. दुसऱ्या चालकाने वर जाऊन खुर्चीवरच ताबा घेतला की हा वेळ परत मिळतो. त्यासाठी बसची वेळ बदलावी लागते, हजेरीची जागा क्रेनजवळ आणावी लागते, कामगार संघटनेशी नीट बोलावं लागतं. दोन वीस फुटी कंटेनर एकदम उचलणारा स्प्रेडर, म्हणजे क्रेनची कंटेनर पकडणारी चौकट, हा असाच दुसरा उपाय, नव्या क्रेनच्या मानाने अगदी माफक खर्चाचा.

ट्रॅक्टर-ट्रेलरची संख्या काढायला सोपा मार्ग आहे. ताशी ३० उचल म्हणजे दर दोन मिनिटांनी क्रेनखाली एक ट्रेलर हवा. यार्डात जाऊन परत यायला बारा मिनिटं लागत असतील तर एका क्रेनला सहा ट्रेलर. आता आराखड्यात यार्ड धक्क्यापासून अर्धा किलोमीटर लांब गेलं असं समजा. जाऊन-येऊन एक किलोमीटर वाढला, ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने तीन मिनिटं. प्रत्येक क्रेनमागे दीड ट्रेलर वाढला. सात क्रेन असतील तर दहा-अकरा ट्रेलर आणि चोवीस तास चालवायचे तर प्रत्येकामागे साप्ताहिक सुट्ट्या-रजा धरून चार-साडेचार चालक. कागदावरची एक रेघ चुकली की चाळीसहून जास्त माणसांचा पगार आणि तेवढं डिझेल दरवर्षी. म्हणून आराखडा तयार झाल्यावर बोटाने ट्रेलरचा रस्ता फिरवून पाहा, आणि शक्यतो वाहतूक एकाच दिशेने फिरेल अशी ठेवा.

स्वस्त यंत्र, महाग जमीन

यार्डासाठी आरटीजी घ्यावी की रीच स्टॅकर (लांब हाताने कंटेनर उचलणारं चाकांवरचं यंत्र), हा प्रश्न लहान बंदरांना नेहमी पडतो. रीच स्टॅकर आरटीजीपेक्षा स्वस्त, लगेच मिळतो, एका जागेवरून दुसरीकडे नेता येतो, रेल्वेच्या वाघिणीवरूनही उचलतो. वर्षाला लाखाच्या आतबाहेर टीईयू असतील तर मी बेलाशक तोच सुचवीन. पण त्याची दोन बिलं नंतर येतात. एक, त्याला वळायला रुंद रस्ता लागतो, त्यामुळे एकरी कमी कंटेनर बसतात. दुसरं बिल जमिनीचं. भरलेला कंटेनर उचलल्यावर त्याच्या पुढच्या आसावर शंभर टनांच्या घरात भार येतो आणि तो यार्डात कुठेही फिरतो, म्हणजे सगळं यार्ड तेवढ्या भाराचं बांधावं लागतं. आरटीजी ठरलेल्या पट्ट्यांवरूनच चालते, त्यामुळे जाड काँक्रीट फक्त त्या पट्ट्यांत आणि बाकी ठिकाणी माफक फरसबंदी चालते. भरावाची जमीन पुढची कैक वर्षं बसत राहते, तिथे कंटेनरखाली आणि रस्त्यांवर काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक बरे; खचलेला भाग उचलून, खडी भरून पुन्हा बसवता येतो.

यंत्राची तुलना खरेदीच्या किमतीवर करू नका. आरटीजी वर्षाला ४,००० तास चालली आणि तासाला १८ लिटर डिझेल प्यायली, तर ७२,००० लिटर झालं. लिटरला ९० रुपये धरले तर जवळपास ६५ लाख रुपये, एका यंत्राचे, एका वर्षाचे. विजेवर चालवून यातले निम्मे जरी वाचले, तरी पंधरा वर्षांत पावणेपाच कोटींच्या पुढे जातात. धूर आणि आवाज कमी होतो तो वेगळा. आरटीजीखाली आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला तो फरक आधी कळतो. मात्र विजेची आरटीजी नंतर घ्यायची असली तरी जमिनीखालचे केबलचे पाइप, खड्डे आणि उपकेंद्राची जागा पहिल्या दिवशीच ठेवा. चालू यार्ड खोदणं फार महाग पडतं.

इथून मी माझ्या मुख्य सांगण्याकडे येतो. बंदरातल्या वस्तूंच्या दोन याद्या करा. नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टी एका यादीत: धक्क्याच्या भिंतीची ताकद, तिच्या पायाची खोली, क्रेनच्या दोन रुळांमधलं अंतर, रेल्वेमार्गाची सरळ लांबी, केबलचे पाइप, पावसाचं पाणी नेणारे नाले. नंतर आणता येणाऱ्या दुसऱ्या यादीत: क्रेन, आरटीजी, ट्रेलर, गेटच्या मार्गिका, यार्डाचे पुढचे ब्लॉक. पहिल्या यादीत हात आखडू नका, दुसरीत घाई करू नका. व्यवहारात बरोबर याच्या उलट घडताना मी पाहिलं आहे. भिंत पातळ ठेवून क्रेन दोन जास्त घेतल्या जातात, कारण उद्घाटनाला क्रेन लागते.

रुळांतल्या अंतराचंच घ्या. जुन्या क्रेनचे पाय पंधरा-वीस मीटर अंतरावर असत. आताच्या मोठ्या क्रेनना तीस मीटर किंवा जास्त लागतं. पनामा कालव्याच्या जुन्या जलपाशांतून जाणारं जहाज ३२ मीटर रुंद, त्यावर आडव्या १३ रांगा. २०२३ मध्ये आलेलं ‘एमएससी इरिना’ ६१ मीटर रुंद, त्यावर २४ रांगा आणि २४,३४६ टीईयू. ते जून २०२५ मध्ये केरळातल्या विळिंजमला आलं. प्रत्येक बंदराला अशा जहाजाची क्रेन घ्यायची गरज नाही, आणि घेऊही नये. पण उद्या मोठी क्रेन आली तर रूळ आणि भिंत तिला पेलतील एवढी तजवीज हवी.

खोलीच्या बाबतीत निसर्गाची मदत घ्या. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी मुंबईपाशी पाणी पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं. न्हावा-शेवाला खोल बुडणारी जहाजं भरतीची वेळ साधून आत येतात. याचा अर्थ संपूर्ण चॅनेल सर्वांत मोठ्या जहाजासाठी खोदायची गरज नाही. धक्क्यापाशीचा खड्डा खोल ठेवा, म्हणजे ओहोटीत जहाज टेकणार नाही, आणि चॅनेलसाठी भरतीचा हिशेब करा. मात्र भांगाच्या दिवसांत भरती कमी चढते, तेव्हा जहाजाला किती तास थांबावं लागेल ते वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून मोजून ठेवा. एकदा खोदलं म्हणजे संपलं असंही नाही. खाड्यांचा गाळ दर पावसाळ्यात येतो आणि दर वर्षी काढावा लागतो. प्रकल्प अहवालात हा वार्षिक खर्च लपलेला असतो, तो शोधून वर आणा.

मागणीच्या आधी फार पुढे धावल्याने काय होतं, याची दोन उदाहरणं आपल्याच देशात आहेत. कोचीजवळचं वल्लारपाडम टर्मिनल फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झालं, पहिल्या टप्प्याची क्षमता १० लाख टीईयू. कोलंबोला जाणारा माल इथे वळेल अशी आशा होती. किनारी वाहतुकीचे नियम आड आले, गाळ काढण्याचा खर्च भारी पडला, आणि पहिली काही वर्षं क्षमतेच्या निम्माही माल आला नाही. दुसरं मुंबई बंदराचं समुद्रातलं कंटेनर टर्मिनल. २००७ मध्ये करार झाला, समुद्रात धक्का उभा राहिला, पण पूरक कामांचा मेळ बसला नाही आणि कंटेनरची चढ-उतार तिथे सुरू झाली नाही. धक्का पुढे मोटारी चढवणाऱ्या जहाजांच्या कामी आला. धक्का, खोली, क्रेन, रेल्वे आणि रस्ता ही साखळी आहे. त्यातली एक कडी दोन वर्षं उशिरा येणार असेल तर बाकीच्या चार कड्या आधी बांधून व्याज भरण्यात अर्थ नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झालेल्या, डहाणूजवळच्या वाढवण बंदरात प्रत्येकी हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनल्स योजली आहेत, खर्च ७६,२२० कोटी रुपये. तिथे टप्प्यांचा हा प्रश्न सर्वांत मोठ्या आकारात समोर येईल, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा प्रश्नही.

महाराष्ट्रासाठी आणखी एक खास बाब: रीफर, म्हणजे थंड कंटेनर. नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात युरोपकडे जातात, त्यांच्या शेपटीला आंबा येतो. या महिन्यांत प्लग कमी पडले तर कंटेनर ट्रेलरवरच्या जनरेटरवर तिष्ठत राहतो आणि तासागणिक द्राक्षांचं आयुष्य घटतं. पण चार महिन्यांच्या गर्दीला पुरतील एवढे कायमचे रीफर रॅक बारा महिन्यांसाठी बांधून ठेवणंही परवडत नाही. कायमचे प्लग नेहमीच्या महिन्यांच्या मागणीइतके ठेवावेत, जवळच्या दोन ब्लॉकमध्ये वीज आणून ठेवावी आणि हंगामात भाड्याचे फिरते जनरेटर संच लावावेत. नाशिकच्या निर्यातदारांशी डिसेंबरातच बसून आठवड्यागणिक कंटेनरांचा अंदाज घेतला तर हे सहज जमतं.

गेटबद्दल थोडक्यात. आपल्या उदाहरणात ६ लाख ६७ हजार कंटेनरांपैकी एक पंचमांश रेल्वेने गेले तर रस्त्याने रोज सुमारे १,४६० जातील-येतील, आणि गर्दीच्या तासाला दिवसाचे ८ टक्के धरले तर ११७. कागद तपासून, नंबर हाताने लिहून एका ट्रेलरला तीन मिनिटं लागत असतील तर एका दिशेची वेगळी वाटणी न करताही सहा मार्गिका लागतात. कॅमेऱ्याने नंबर वाचून, कागद आधीच ऑनलाइन घेऊन एका मिनिटात सोडला तर दोन-तीन पुरतात. गेटच्या आधी पार्किंगची मोठी जागा ठेवा, जिथे कागद अपुरे असलेला ट्रेलर बाजूला होईल. तिथे पाणी, संडास आणि सावली असू द्या. ड्रायव्हर तिथे रात्री काढतात.

पूर्ण स्वयंचलित यार्डाचा मोह लहान बंदराने आवरावा. रॉटरडॅमला १९९३ मध्ये चालकाविना गाड्या आल्या, हॅम्बुर्गच्या आल्टनवेर्डरला २००२ मध्ये. तिथे मजुरी फार महाग आहे. आपल्याकडे आधी टर्मिनलची संगणक प्रणाली, गेट आणि ट्रेलरच्या जागा दाखवणारी व्यवस्था नीट करा. आणि संगणक बंद पडला तर काय, याची कागदी तालीम वर्षातून दोनदा घ्या. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या सायबर हल्ल्यात न्हावा-शेवातलं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं होतं.

एका ठिकाणी मात्र काटकसर नको. ५ ऑगस्ट २०२० रोजी मुंबईत वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला आणि न्हावा-शेवात धक्क्यावरच्या तीन क्रेन कोसळल्या. वादळात क्रेन जमिनीशी जखडणाऱ्या पिना, साखळ्या आणि त्यांची धक्क्यातली खोबणी यांची किंमत क्रेनपुढे नगण्य आहे. खोबणी प्रत्येक क्रेनच्या आवाक्यात, जवळजवळ ठेवा, म्हणजे वारा सुटल्यावर क्रेन अर्धा किलोमीटर चालवत न्यावी लागणार नाही. प्रत्येक क्रेनवर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र आणि कुठल्या आकड्याला काम थांबवायचं याचा लेखी नियम हवा. तो आकडा आला की जहाज कितीही घाईचं असो, थांबवण्याचा अधिकार खाली उभ्या असलेल्या शिफ्ट प्रमुखाकडे हवा. वरच्या परवानगीसाठी फोन करत बसण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

सुट्या भागांची यादी क्रेनच्या करारातच घाला. सर्वांत जास्त बंद पडतो तो स्प्रेडर, कारण तोच दिवसभर कंटेनरवर आदळतो. दर तीन-चार क्रेनमागे एक जादा स्प्रेडर ठेवा. शक्यतो एकाच कंपनीची, एकाच पद्धतीची यंत्रं घ्या, म्हणजे भाग आणि मिस्त्री दोन्ही सगळीकडे चालतात. जुनी क्रेन स्वस्तात मिळत असेल तर पोलादाची, जोडांची तपासणी त्रयस्थाकडून करून घ्या, आणि वाहतूक व उभारणीचा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करा. लहान बंदराने सुरुवात फिरत्या मोबाइल हार्बर क्रेनने करावी. ती सावकाश काम करते, पण तिला रूळ लागत नाहीत, सुटा मालही उचलते आणि मोठी क्रेन आल्यावर विकता किंवा दुसऱ्या बंदरात नेता येते. फक्त तिच्या पायांखालचा भार धक्क्याला पेलतो का, हे आधी तपासा.

पुढची क्रेन कधी मागवायची, हे आत्ताच लिहून ठेवा. ऑर्डर दिल्यापासून क्रेन धक्क्यावर उभी राहायला वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणून धक्क्याची व्याप्ती, क्रेनची ताशी उचल आणि जहाजाची सरासरी वाट, या तीन आकड्यांचे उंबरठे ठरवा. लागोपाठ दोन तिमाही ते ओलांडले गेले की ऑर्डर. तोवर यार्डाचा पुढचा ब्लॉक मोकळी जमीन म्हणून राहू द्या. आणि आकडे गोळा करण्याचं काम कार्यालयात बसून करू नका. एक रात्रपाळी ट्रेलरच्या केबिनमध्ये चालकाशेजारी बसून काढा, दुसरी आरटीजीच्या केबिनमध्ये, तिसरी गेटवर. प्रत्येक वेळी गाडी थांबली की घड्याळ पाहा आणि कशासाठी थांबली ते चालकालाच विचारून वहीत लिहा.